अमूर्त छायाचित्रण आणि मनातलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमूर्त फोटोंविषयी शिकायला येणारे आणि भिंतीवरचे फोटो बघून थबकणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं बरंच आहे.

अमूर्त फोटो नेमका कशाला म्हणायचा?

ज्या फोटोत वस्तूच्या आधी तिचा आकार, रेषा, पोत, प्रकाश आणि रंग डोळ्यांत भरतात, त्याला. वस्तू अजिबात ओळखू येता कामा नये असा काही नियम नाही. भिंतीचे पोपडे आहेत हे कळलं तरी बिघडत नाही. फोटो पोपड्यांची माहिती द्यायला काढलेला नसतो, एवढंच.

चेहरा नाही, प्रसंग नाही, ओळखीचं काहीच नाही. मग भावना येणार कुठून?

आलापात शब्द नसतात, तरी मारव्याची हुरहुर ऐकणाऱ्यापर्यंत पोचते. छायाचित्रात असं होऊ शकतं का, हा प्रश्न आल्फ्रेड स्टिग्लिट्झ या अमेरिकन छायाचित्रकाराने शंभर वर्षांपूर्वी स्वतःला घातला आणि उत्तर शोधायला त्याने ढग निवडले.

१९२२ साली तो ५८ वर्षांचा होता. न्यूयॉर्क राज्यात लेक जॉर्जच्या काठी त्याच्या कुटुंबाचं घर होतं. आई शेवटच्या आजारात होती, घराजवळची चेस्टनटची झाडं वठत चालली होती. त्याच सुमारास एका लेखकाने असं म्हटलं की स्टिग्लिट्झच्या फोटोंमधली ताकद खरं तर समोर बसलेल्या माणसांवर पडणाऱ्या त्याच्या मोहिनीतून येते. हे त्याच्या मनाला लागलं. माणसांवर मोहिनी पडत असेल, पण ढगांवर कोणाची पडणार? शिवाय ढग सगळ्यांचे, त्यांच्यावर अजून कर बसलेला नाही, असंही त्याने पुढे लिहिलं. चाळीस वर्षांत आपण छायाचित्रणाबद्दल काय शिकलो हे त्याला तपासून बघायचं होतं.

त्या वर्षी त्याने ढगांच्या दहा फोटोंची मालिका केली आणि तिचं नाव ठेवलं ‘म्युझिक’. १९२३ पासून हातात धरता येणारा ग्राफ्लेक्स कॅमेरा घेऊन तो थेट आकाशाकडे वळला. १९२५ पासून या फोटोंना त्याने ‘इक्विव्हॅलंट’ म्हणायला सुरुवात केली, म्हणजे आपल्या आत जे चाललंय त्याच्या तोडीचं बाहेर सापडलेलं काहीतरी. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत हे काम चाललं आणि फोटोंची संख्या दोनशेच्या वर गेली.

आता हे फोटो काम कसं करतात ते बघा. बऱ्याच फोटोंत क्षितिज नाही, झाडाचा शेंडा नाही, घराचं छप्पर नाही. जमीन गेली की वर कुठलं आणि खाली कुठलं हे डोळ्यांना ठरवता येत नाही. काही फोटो तर त्याने स्वतःच वेगवेगळ्या बाजूंनी फिरवून लावले. मग उरतं ते वजन, कल, दाटपणा, मोकळीक. काळ्याशार आकाशात एका बाजूला झुकलेला पांढरा पट्टा बघताना छातीत काहीतरी आवळतं, आणि ते ‘ढग’ या माहितीमुळे होत नाही. झुकणं, दबणं, सुटणं हे आपलं शरीर रोज अनुभवतं आणि फोटोतही तेच ओळखतं. प्रिंट्सही लहान आहेत, निगेटिव्हच्याच मापाच्या, साधारण चार बाय पाच इंचांच्या. एवढं मोठं आकाश तळहाताएवढ्या कागदावर येतं तेव्हा बघणाऱ्याला जवळ जावंच लागतं.

पण हे चित्रकलेचंच अनुकरण नाही का? मग सरळ चित्रच का काढू नये?

सुरुवातीला चित्रकलेचा प्रभाव होता, यात शंका नाही. पॉल स्ट्रँड या अमेरिकन छायाचित्रकाराने १९१६ साली कनेक्टिकटमधल्या ट्विन लेक्सला एका व्हरांड्यात कठड्याच्या सावल्या आणि कलता टेबल यांचा फोटो काढला, तो क्युबिस्ट, म्हणजे वस्तू भौमितिक तुकड्यांत मोडून दाखवणारी, चित्रं बघितल्यानंतर. पुढच्याच वर्षी अ‍ॅल्विन लँग्डन कोबर्न या छायाचित्रकाराने तीन आरसे जोडून त्यांतून काढलेली अमूर्त छायाचित्रं लंडनमध्ये मांडली.

पण एक फरक मुळातला आहे. कोऱ्या कॅनव्हाससमोर चित्रकार आतून सुरुवात करू शकतो. कॅमेऱ्याला ती मुभा नाही, त्याला बाहेर काहीतरी लागतंच. तुमच्या मनात कितीही दाटून आलेलं असो, लेन्ससमोर प्रकाश पडलेली एखादी खरी गोष्ट असल्याशिवाय फोटो निघत नाही. लोकांना ही छायाचित्रणाची मर्यादा वाटते. मला ती या कलेची खरी ताकद वाटते. आपल्या दुःखाला किंवा आनंदाला जुळणारं काही या जगात आहे का, हे शोधायला ती आपल्याला घराबाहेर काढते. आणि ते गंजलेल्या पत्र्यावर किंवा ओल आलेल्या भिंतीवर सापडतं तेव्हा आपण तितके एकटे राहत नाही.

अ‍ॅरन सिस्किंड या अमेरिकन छायाचित्रकाराचं उदाहरण इथे आठवतं. १९३०च्या दशकात तो न्यूयॉर्कमध्ये सामाजिक प्रश्नांवरचे माहितीपर फोटो काढायचा. १९४०च्या दशकात समुद्रकाठच्या गावांत तो दोर, दगड, टाकून दिलेला हातमोजा अशा वस्तूंकडे वळला आणि मग फाटलेली पोस्टरं आणि उडालेला रंग यांच्यात आयुष्यभर रमला. माहितीपर छायाचित्रणातल्या जुन्या सोबत्यांना हे रुचलं नाही. चित्रकार फ्रान्झ क्लाइन त्याचा मित्र. क्लाइनच्या मृत्यूनंतर सिस्किंडने त्याच्या स्मरणार्थ भिंतींच्या फोटोंची मालिका केली. मित्राच्या कुंचल्याचे फटकारे त्याने रस्त्यावरच्या भिंतींवर शोधले. मैत्रीतला शोक यापेक्षा नेमका कसा दाखवता आला असता?

आपल्याकडे असं काम कोणी केलं आहे?

चित्रकार नसरीन मोहम्मदी यांनी. हे नाव मराठी छायाचित्रकारांच्या गप्पांत फार कमी निघतं, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जन्म १९३७ चा, कराचीचा. लहानपणीच मुंबईला आल्या, लंडनला कलाशिक्षण घेतलं, पुन्हा मुंबईत भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये काम केलं. तिथेच अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्याशी त्यांचा परिचय झाला. १९७२ पासून त्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकवत होत्या. त्यांची ओळख आहे ती रेखाटनांमुळे: शाईच्या आणि पेन्सिलच्या, श्वास रोखून मारल्यासारख्या बारीक रेषा. पण त्या सतत फोटोही काढत होत्या. मागावरचे ताणलेले धागे, रस्त्यावरचे पांढरे पट्टे, फत्तेपूर सिक्रीच्या फरसबंदीचे कोन, ओहोटीनंतर वाळूवर उरलेल्या पाण्याच्या खुणा. सगळं कृष्णधवल. हयातीत हे फोटो त्यांनी कधी प्रदर्शनात मांडले नाहीत. कामांना शीर्षकं बहुधा दिलीच नाहीत.

अलिबागजवळ किहीमला त्यांच्या कुटुंबाचं घर होतं. आपल्यातल्या कितीतरी जणांनी त्या किनाऱ्यावर सूर्यास्ताचे फोटो काढले असतील. त्याच किनाऱ्यावर नसरीन खाली, पायाखालच्या वाळूकडे बघत होत्या. शेवटच्या वर्षांत मज्जासंस्थेच्या आजारामुळे शरीरावरचा ताबा सुटत चालला होता, तरी कागदावरची रेषा हलली नाही. १९९० साली किहीमलाच त्या गेल्या. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने ‘मेट ब्रॉयर’ ही नवी शाखा उघडली, तेव्हा पहिल्या प्रदर्शनांमध्ये नसरीन मोहम्मदींचं प्रदर्शन होतं.

त्यांच्या डायऱ्यांमधून एकटेपणा आणि शिस्त यांची ओढाताण दिसते. फोटोंत मात्र कुठेही आक्रोश नाही. दोन रेषांमधलं अंतर किती ठेवायचं, एवढ्यावर सगळं तोललेलं आहे. भावना व्यक्त करायची म्हणजे फोटो भडकच हवा, असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे फोटो नक्की बघावेत.

आधी भावना आणि मग फोटो, की उलटं?

दोन्ही होतं. ‘आज मला राग आलाय, आता रागाचा फोटो काढतो’ असं ठरवून निघालात तर बहुधा लाल रंग आणि टोकदार आकार घेऊन परत याल. ती झाली रागाची पाटी. त्यापेक्षा मनःस्थिती सोबत असू द्या आणि डोळा कुठे अडकतो ते बघा. आपण त्या जागी का थांबलो, हे कधी कधी महिन्यांनी कळतं. घरात आजारपण चालू असताना मी जे फोटो काढले, त्यांत बंद झडपा, जाळ्या आणि अर्धवट उघडी दारं सगळीकडे होती. काढताना हे लक्षातही आलं नव्हतं, प्रिंट जमिनीवर मांडल्यावर दिसलं.

म्हणून निवड हा या कामाचा निम्मा भाग आहे. काढलेले फोटो लगेच पुसू नका. थोडे दिवस जाऊ द्या, मग एकत्र बघा आणि काय परत परत येतंय ते शोधा.

चांगला कॅमेरा लागतो का?

नाही. मोबाइल पुरतो. फक्त शटरचा वेग, म्हणजे कॅमेऱ्यात किती वेळ प्रकाश येऊ द्यायचा ते, हाताने ठरवता यावा, म्हणून अँड्रॉइड फोनमध्ये ‘प्रो’ मोड बघून ठेवा. आयफोनवर लाइव्ह फोटो काढून त्याला नंतर ‘लाँग एक्स्पोजर’ हा परिणाम देता येतो.

कॅमेरा हलवून काढलेले फोटो बघितले आहेत. ते कसे काढतात?

शटर उघडं असताना कॅमेरा मुद्दाम हलवायचा. साधारण १/८ ते १ सेकंद एवढा वेळ मिळाला की रेषा ओढल्या जातात. उभी झाडं असतील तर वर-खाली, समुद्र असेल तर आडवा, गर्दी असेल तर वळसा देऊन. हालचाल शटर दाबण्याआधी सुरू करा आणि मिटल्यानंतर थांबवा, म्हणजे रेषेच्या टोकाला झटका दिसत नाही.

अडचण येते ती उन्हाची. भर दुपारी आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० आणि एफ/१६ ला (म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच लहान असताना) शटर साधारण १/१०० सेकंदाचं बसतं, त्यात काहीच हलत नाही. एनडी ६४ फिल्टर, म्हणजे लेन्ससमोरची करडी काच, लावला की आत येणारा प्रकाश ६४ पट कमी होतो आणि शटर अर्ध्या सेकंदाच्या पुढे नेता येतं. फिल्टर नसेल तर तिन्हीसांजेची किंवा आभाळ भरून आलेली वेळ निवडा. आपल्याकडचा जून ते सप्टेंबर हा काळ या कामाला फारच चांगला आहे, कॅमेरा भिजू नये एवढी काळजी मात्र घ्या.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. या तंत्राने पहिल्या तासातच सुंदर दिसणारे फोटो मिळतात आणि तिथेच बरेच जण अडकतात. हिरव्या-सोनेरी उभ्या रेषांचं जंगल आता इतक्यांनी काढलंय की त्यात काढणाऱ्याचं स्वतःचं काही उरत नाही. हात किती जोरात हलवायचा, कुठे अडखळायचं, हे तुमच्या त्या वेळच्या अवस्थेवरून ठरलं पाहिजे. धास्तावलेला हात आणि निवांत हात यांच्या रेषा वेगळ्या पडतात, हे दोन फोटो शेजारी ठेवलेत तर लगेच दिसेल.

याशिवाय आणखी कोणत्या पद्धती आहेत?

अगदी जवळ जाणं ही सगळ्यांत सोपी. जांभ्या दगडाची भोकं, कढईची काजळी, शेवाळ धरलेला कठडा. फोकस मुद्दाम सोडून देणं, विशेषतः रात्रीच्या दिव्यांवर. पाऊस लागलेल्या एसटीच्या किंवा लोकलच्या काचेतून बाहेर बघणं: काचेवर फोकस ठेवलात तर शहर विरघळतं, शहरावर ठेवलात तर थेंब डागांसारखे होतात. एकावर एक दोन एक्स्पोजर घेणं, म्हणजे एकाच फोटोत दोन दृश्यं टिपणं. आणि कॅमेऱ्याशिवाय, फोटोच्या कागदावर थेट वस्तू ठेवून प्रकाश पाडणं, जे १९२०च्या दशकात मॅन रे आणि मोहोली-नागी या कलाकारांनी भरपूर केलं.

रंगीत की कृष्णधवल?

रंग काढून टाकल्यावर फोटोतली गोष्ट उरते का, ते बघा. उरत असेल तर कृष्णधवल ठेवा. निळ्या ताडपत्रीवरचा पिवळट संधिप्रकाश हेच सांगायचं असेल, तर कृष्णधवलाचा हट्ट कशाला? केवळ फोटो गंभीर दिसावा म्हणून रंग काढणं मला पटत नाही.

सुरुवात कशी करू? एखादा सराव सांगा.

घरातली एक खोली घ्या. आठवडाभर रोज एकाच वेळी तिथे बसा आणि उजेड कुठे पडतो तेवढंच बघा. फोटो काढायची घाई नको. मग एक नियम लावा: फ्रेममध्ये एकही वस्तू पूर्ण येऊ द्यायची नाही. खुर्चीचा पाय, पडद्याची दुमड, भांड्याची कड, एवढंच. वस्तू अपुरी राहिली की डोळा तिचं नाव घ्यायचं सोडून तिच्या आकाराकडे जातो. दिवसातला एक फोटो ठेवा आणि त्याखाली त्या दिवशी काय झालं ते दोन ओळींत लिहा. फोटोचं वर्णन लिहू नका. शेवटी ओळी झाकून नुसते फोटो लावा, मग फोटो झाकून नुसत्या ओळी वाचा.

जे कोणाला सांगूच शकत नाही, ते अशा फोटोंतून सांगता येईल का?

येतं, आणि मला वाटतं या कलेची गरज सगळ्यांत जास्त तिथेच आहे.

मायनर व्हाइट हा अमेरिकन छायाचित्रकार समलैंगिक होता, अशा काळात जेव्हा ते उघड झालं असतं तर शिक्षकाची नोकरीही गेली असती. १९४८ साली त्याने आपल्या एका विद्यार्थ्याचे फोटो घेऊन मालिका केली, ती त्याच्या हयातीत जाहीरपणे दाखवली गेली नाही. ओढ, अपराधभाव, प्रार्थना हे सगळं मग त्याने किनाऱ्यावरचे खडक, खिडकीवरचं बर्फ, उडालेला रंग यांच्याकडे सोपवलं. १९५८ चा त्याचा एक फोटो आहे, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात, त्याच्या घरातल्या खिडकीतला. पडदा आणि उजेडाचा एक वेटोळा आकार, बाकी काही नाही. बघताना आपण कोणाच्या तरी अगदी खाजगी क्षणी तिथे आहोत असं वाटत राहतं. स्टिग्लिट्झची कल्पना पुढे नेणारा हाच माणूस. आपले फोटो एकेकटे न दाखवता तो ते ओळीने, मालिकेत मांडायचा, कारण दोन फोटोंच्या मधल्या जागेतही काही घडतं असं तो मानायचा.

म्हणून तुमच्या मनातलं उघड करणं धोक्याचं किंवा अवघड असेल, तर कारण न सांगता फोटो दाखवायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. खुलासा कोणाला देणं लागत नाही.

मन फार खचलेलं असताना फोटो काढल्याने बरं वाटेल का?

अनेकांना वाटतं. बाहेर पडणं, एका गोष्टीकडे टक लावून बघणं, दिवसात काहीतरी केल्याची खूण उरणं, याचा आधार होतो. पण हा उपचार नाही. झोप उडाली असेल, रोजची कामं होत नसतील, जगणं नको वाटत असेल, तर कॅमेरा बाजूला ठेवून आधी डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला. केंद्र सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत चालते, मराठीतही बोलता येतं.

फोटोला नाव द्यावं का?

‘विरह’, ‘घुसमट’ अशी नावं देऊ नका. बघणाऱ्याला काय वाटायला हवं हे आधीच सांगून टाकलंत तर त्याला बघायला उरतं काय? ठिकाण आणि साल पुरेसं असतं.

मी दुःखात काढलेला फोटो बघून कोणी ‘किती प्रसन्न!’ म्हटलं, तर तो फसला का?

एकाने म्हटलं तर नाही. दहा जणांपैकी कोणालाच काहीच वाटलं नाही, तर मात्र पुन्हा बघायला हवं. तुमची भावना जशीच्या तशी दुसऱ्याच्या मनात उतरावी ही अपेक्षाच जड आहे. त्याच्या मनातलं काहीतरी हललं, तो फोटोपाशी थांबला, एवढं झालं तरी मला ते मोठं वाटतं. त्याने काय पाहिलं ते शांतपणे ऐका. कधी कधी आपण दुःख समजत होतो त्यात सुटकाही मिसळलेली होती, हे दुसराच दाखवून देतो.

एडिटिंग किती चालतं? आणि एआयने बनवलेली अमूर्त चित्रं?

कॉन्ट्रास्ट, क्रॉप, उजेड कमी-जास्त करणं हे अंधारखोलीतही होत होतं, खुशाल करा. स्टिग्लिट्झच्या ढगांमागचं आकाश डोळ्यांना कधीच तितकं काळं दिसलं नसणार. एआयच्या चित्राबद्दल माझं मत ठाम आहे: ते सुंदर असू शकतं, पण तिथे समोर काही नव्हतं आणि तुम्हीही तिथे उभे नव्हता. मी ज्याला छायाचित्रातून व्यक्त होणं म्हणतो, त्यात ते बसत नाही.

हे काम प्रत्यक्ष कुठे बघायला मिळेल?

वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टकडे स्टिग्लिट्झच्या १६४२ छायाचित्रांचा संच आहे आणि तो त्यांच्या संकेतस्थळावर मोफत बघता येतो. ढगांचे फोटो सालाप्रमाणे लावून बघा, त्याचा डोळा कसा बदलत गेला ते कळतं. नसरीन मोहम्मदींसाठी दिल्लीच्या किरण नाडर संग्रहालयावर लक्ष ठेवा. २०१३ मध्ये या संग्रहालयाने त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरवलं होतं. बंगळुरूला २०२३ मध्ये ‘मॅप’ हे कला आणि छायाचित्रणाचं संग्रहालय लोकांसाठी खुलं झालं, दक्षिणेत जाणं झालं तर एक दिवस काढा. शक्य असेल तिथे पडद्याऐवजी प्रिंट बघा. आणि आपलेही चार-पाच फोटो चांगल्या मॅट कागदावर छापून घ्या, लहान आकारात. मोबाइलवर अंगठ्याने सरकवताना जो फोटो निसटतो, तो हातात आल्यावर बराच वेळ बघितला जातो.